भिंत आली, हे कोण सांगणार?

मे महिन्यातली संध्याकाळ. दिग्रसला दिवसभर तापलेल्या अंगणात पाणी मारलं की आधी वाफ उठते, मग मातीचा वास येतो, आणि मग मामांची खाट बाहेर पडते. मामा पंचाहत्तरीचे. शारीरिक शिक्षणाचे मास्तर म्हणून निवृत्त झाले, पण शिट्टी अजून खुंटीला आहे. धावंडेला पाणी असे तेव्हा नदीत आणि एरवी शेतातल्या विहिरींत त्यांनी गावातल्या कितीतरी पोरांना पोहायला शिकवलं. पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि काठावरून ढकलून द्यायचं.

मी तालुक्यातल्या शाळांत फिरणारी विशेष शिक्षिका. माझ्या यादीत पाचवीतली एक मुलगी आहे, जन्मापासून न दिसणारी. दोन उन्हाळ्यांत ती बापाच्या विहिरीत पोहायला शिकली. आता तिला शर्यतीत उतरायचं आहे. दिव्यांगांच्या जलतरण निवड चाचणीचा अर्ज मी आणला, त्यावर बापाची सही हवी होती. बाप म्हणाला, “सर म्हणतील तसं.” हे सर म्हणजे माझे मामा; बापालाही पोहायला त्यांनीच शिकवलेलं.

अर्ज घेऊन मी खाटेपाशी बसले. त्यानंतर आमचं जे वाजलं, ते जवळजवळ तसंच इथे देते. मामा मास्तर असले तरी घरात वऱ्हाडीच बोलतात. तेही तसंच ठेवलं आहे.

मामा : पोहू दे ना तिले. कोण नाही म्हणते? पण हे शर्यतीचं काऊन काढलं?

मी : शर्यत काऊन नाही, मामा?

मामा : पाह्य माय, पोहणं म्हणजे जीव वाचवायची विद्या. विहिरीत पाय घसरला तर काठाले लागता आलं पाहिजे, बस. शर्यत म्हणजे दुसऱ्याच्या पुढं जाणं. हिचं कोणाच्या पुढं जायचं अडलं आहे? तुम्ही शिकलेले लोक अशा लेकराले मंचावर उभं करता, शाल देता, टाळ्या वाजवता. दुसऱ्या दिवशी मात्र बसस्टँडवर त्याले गाडीची पाटी वाचून दाखवाले कोणी नसते.

मी : शाल-टाळ्यांचं तुमचं म्हणणं मान्य. म्हणून तर मला शर्यत हवी आहे. शाळेच्या कार्यक्रमात ती गाणं म्हणते. कसंही म्हटलं तरी लोक डोळे पुसतात. सूर चुकला, असं तिला आजवर एकाही माणसानं सांगितलेलं नाही. घड्याळ सांगेल. मागच्या वेळेपेक्षा दोन सेकंद जास्त लागले, तर जास्त लागले. दया न करता तिच्याशी बोलणारी तेवढी एकच वस्तू मला दिसते.

मामा : बोललीस चांगलं. पण घड्याळाले पदक मिळत नाही. पदक देणारी दुनिया वेगळी आहे.

मी : मग त्या दुनियेचंच उदाहरण घ्या. आपल्या नागपूरच्या कांचनमाला पांडे. जन्मापासून अंध, रिझर्व्ह बँकेत नोकरी. डिसेंबर २०१७ मध्ये मेक्सिको सिटीत जागतिक पॅरा जलतरण अजिंक्यपद स्पर्धा झाली. त्यात २०० मीटर वैयक्तिक मिडलेचं सुवर्ण त्यांनी मिळवलं. त्या स्पर्धेत भारताला मिळालेलं ते पहिलं सुवर्ण.

मामा : मले माहीत आहे. मी पेपर वाचतो. तू डिसेंबर म्हणाली. डिसेंबर काऊन, हे सांग.

मी : स्पर्धा पुढे ढकलली होती.

मामा : भूकंपानं. स्पर्धा व्हायची होती सप्टेंबरच्या शेवटी. १९ सप्टेंबरले मेक्सिकोत भूकंप झाला, ७.१ चा. डिसेंबरात घेतली तेव्हा ब्रिटन आलं नाही, ऑस्ट्रेलिया आलं नाही, आणखी देश आले नाहीत. पाण्यातले दादा लोक घरीच बसले. मी तीस वर्षं शर्यतींचे निकाल लावले. कोण जिंकलं हे लिहिताना कोण आलंच नाही, हेही मास्तरच्या ध्यानात असते.

खरं सांगायचं तर हा चेंडू माझ्या अपेक्षेबाहेरचा होता. या पदकाबद्दल बोलताना आम्ही भूकंपाचा उल्लेख सहसा गाळतो. पण मामांच्या खोलीत भिंतीवर काय टांगलेलं आहे, ते मला आठवत होतं.

मी : मामा, तुमच्या खोलीत हॉकीचा एक जुना फोटो आहे. कोणत्या वर्षाचा?

मामा : १९८०. मॉस्को ऑलिंपिक. स्पेनले ४-३ नं हरवलं आपण.

मी : किती संघ होते?

मामा : (जरा थांबून) सहा.

मी : पाकिस्तान?

मामा : नव्हतं. बहिष्कार होता. पश्चिम जर्मनी नव्हता, हॉलंड नव्हता, ऑस्ट्रेलिया नव्हतं. समजलं मले तू कुठं नेऊन राहिली ते.

मी : तो फोटो काढायचा का भिंतीवरून?

मामा : फोटो राहीन. जो आला, तो खेळला. जो नाही आला, त्याचा हिशेब त्यानं द्यावा. पण एक अट. कांचनमालाच्या सुवर्णाची गोष्ट पोरीले सांगशील तर भूकंपासकट सांग. अर्धी गोष्ट सांगून लेकरू पाण्यात उतरवू नये. उद्या तिच्या लेनशेजारी ब्रिटनची पोरगी आली की तिले वाटू नये, मास्तरीणबाईनं फसवलं.

हे मी कबूल केलं. मामांनी तांब्यातलं पाणी घेतलं आणि अर्ज उलटून पाहिला. गटाच्या रकान्यात मी “एस ११” लिहिलं होतं.

मामा : हे काय?

मी : पोहणाऱ्यांची वर्गवारी. दिसण्याच्या तीन पायऱ्या आहेत : एस ११, एस १२, एस १३. अकरा म्हणजे अजिबात न दिसणारे किंवा फार तर उजेड-अंधार कळणारे. तेरामध्ये त्यातल्या त्यात बरं दिसणारे. डोळे तपासून गट ठरतो. अकरा नंबरच्या गटात सगळ्यांनी काळ्या काचांचे गॉगल घालायचे. उजेडाचा कणही आत येता कामा नये.

मामा : म्हणजे आंधळ्यालेही आंधळं करतात?

मी : हो. कोणाला उजेडाचा कवडसा कळतो, कोणाला तोही नाही. कवडसा कळणाऱ्याला भिंतीची सावली कळेल, तेवढा त्याचा फायदा. म्हणून सगळ्यांना एकाच अंधारात उभं करायचं.

मामा : हे मात्र न्यायाचं आहे. (थोडा वेळ गप्प.) पण मग भिंत कशी कळते? विहिरीत काही प्रश्न नाही. विहीर गोल, कुठंही गेलं तरी दोन हातांवर दगड. बाप काठावर बसून डबा वाजवते अन् पोरगी आवाजाकडं येते, मी पाहिलं आहे. तलावात पन्नास मीटर सरळ जायचं असते.

मी : सरळ जायला लेनची दोरी. पोहताना हात किंवा खांदा दोरीला पुसटसा लागत राहतो, त्यावरून अंदाज. दुसरं, हात मोजायचे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आपले किती हात पडतात, ते अंगात मुरलेलं असतं.

मामा : मोजणं दमल्यावर चुकते. दमलेल्या माणसाचा हात आखूड पडते.

मी : म्हणून टॅपर. प्रत्येक टोकाला एक माणूस उभा असतो. हातात लांब काठी, काठीच्या टोकाला मऊ गोळा. पोहणारा भिंतीजवळ आला की डोक्यावर किंवा पाठीवर टकटक. एस ११ मध्ये टॅपर असावाच लागतो, नियमच आहे. टकटक लवकर झाली तर पोहणारा आधीच आवरतं घेतो आणि वेळ वाया जातो. उशिरा झाली तर डोकं भिंतीवर.

मामा : अन् हे मिडले?

मी : चार प्रकार, पन्नास-पन्नास मीटर. आधी बटरफ्लाय, मग बॅकस्ट्रोक, मग ब्रेस्टस्ट्रोक, शेवटी फ्रीस्टाइल. प्रत्येक भिंतीवर पोहण्याची तऱ्हा बदलायची.

मामा : उताणं पोहताना तर डोळसालेही भिंत दिसत नाही.

मी : डोळसांसाठी भिंतीच्या पाच मीटर अलीकडे वर झेंड्यांची माळ असते. ती दिसली की ते हात मोजतात.

मामा : अन् हिले माळ नाही.

मी : नाही. हिला फक्त काठी.

मामांनी खाटेवर बसल्या बसल्याच उजवा हात मागे नेला, एक, दोन, तीन असे हवेत हात टाकले आणि चौथ्याला थांबले. मनातल्या मनात ते उताणे पोहत होते, हे मला कळलं.

मामा : हीच तर माझी अडचण आहे माय. तू म्हणते, शर्यतीनं ती स्वतःच्या पायावर उभी राहीन. इथं तर ती दुसऱ्याच्या काठीवर उभी आहे. काठीवाला चुकला की हिचं डोकं फुटते. हे कसलं स्वावलंबन?

मी : शेतकरी पावसावर उभा आहे, त्याला परावलंबी म्हणता का? २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सिमरन शर्मानं २०० मीटर धावण्यात कांस्य घेतलं. तिला फार कमी दिसतं. तिच्या हाताला दोरीनं बांधलेला अभय सिंह शेजारी धावत होता. धावण्याच्या शर्यतीत अशा सोबत्यालाही पदक मिळतं. दोघं धावले म्हणून पळण्याचे कष्ट तिचे कमी झाले नाहीत.

मामा : ते पदकाच्या दिवशीचं. मी रोजचं विचारून राहिलो. पोरगी वर्षातून एक दिवस शर्यत पोहीन अन् तीनशे दिवस सराव करीन. त्या तीनशे दिवस दोन माणसं दोन टोकाले कोण उभं करीन? बापाले कपाशी आहे. मायले घर आहे. तुले बारा शाळा आहेत. पन्नास मीटरच्या तलावासाठी मोठं शहर गाठावं लागते. म्हणून म्हणतो, पोहू दे, पण शर्यतीची आशा लावू नको.

याला मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण उत्तर नव्हतं. मी दुसरीकडून सुरुवात केली.

मी : ब्रॅड स्नायडर नावाचा अमेरिकी नौदलातला अधिकारी होता. सप्टेंबर २०११ मध्ये अफगाणिस्तानात स्फोटात त्याचे दोन्ही डोळे गेले. बरोबर एक वर्षानं, ७ सप्टेंबर २०१२ ला, लंडनच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यानं ४०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं.

मामा : आधी पोहत होता?

मी : हो. त्यांच्या नौदल अकादमीच्या जलतरण संघाचा कप्तान होता.

मामा : मग तो हिशेबात नको. त्याच्या हाताले पाणी आधीच माहीत होतं, तलाव होता, पोट भरायची चिंता नव्हती. वर्षभरात त्यानं फक्त काठी शिकली. तुह्या पोरीले पाणी, तलाव, काठी सगळंच शिकायचं आहे.

मी : बरोबर. पण याच एस ११ गटात पुढे काय झालं ते ऐका. १०० मीटर फ्रीस्टाइलचा विक्रम १९८६ पासून जॉन मॉर्गन या अमेरिकी जलतरणपटूच्या नावावर होता. तीस वर्षं तो कोणाला मोडता आला नाही. २०१६ मध्ये रिओत स्नायडरनं मोडला. ५६.१५ सेकंद.

मामा : (उठून बसत) शंभर मीटर? छप्पन सेकंदांत? न पाहता?

मी : काळ्या गॉगलमध्ये.

मामा : माह्या हाताखालून गेलेल्या एकाही डोळस पोराले ते जमलं नसतं. (जरा वेळानं) ठीक आहे. ही दयेची शर्यत आहे, हा माझा शब्द मी मागं घेतो. एवढाच. बाकीचे नाही.

त्या एका आकड्यानं जे झालं, ते माझ्या तासाभराच्या बोलण्यानं झालं नव्हतं. मास्तरांशी आकड्यांत बोलावं, हे मी विसरले होते. पण मामांचा खरा घाव पुढे होता.

मामा : आता तू बर्लिनचं सांगते की मी सांगू?

मी : मीच सांगते. जुलै २०१७. मेक्सिकोच्या पाच महिने आधी. बर्लिनच्या पॅरा जलतरण स्पर्धेला कांचनमाला गेल्या. मंजूर झालेला पैसा वेळेवर त्यांच्या हातात पडला नाही. परक्या देशात उसनवारी करावी लागली. ट्राममध्ये तिकीट नाही म्हणून दंड झाला. वर्तमानपत्रांत बातमी आली, देशभर आरडाओरड झाली, संस्थांनी एकमेकींकडे बोटं दाखवली. एवढं होऊनही त्यांनी तिथे रौप्य मिळवलं आणि मेक्सिकोची पात्रता गाठली.

मामा : ‘एवढं होऊनही’ म्हणू नको. या दोन शब्दांनी आपण सगळे सुटतो. म्हणजे जणू पैसा न पोचणं हाही सरावाचाच भाग! न दिसणाऱ्या बाईनं जर्मनीत दंड भरायचा, अन् आपण इथं तिच्या जिद्दीवर निबंध लिहायचे. तुमच्या शाळेत निबंधाचा विषय होता ना?

मी : होता.

मामा : ‘बर्लिनले पैसा काऊन नाही पोचला’, असा विषय कोणी दिला काय?

मी : नाही.

मामा : सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या लढाईत गोळ्या लागल्या, १९७२ मध्ये जर्मनीतच, हायडेलबर्गले, ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत मारली. पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण. अर्जुन पुरस्कार कधी भेटला?

मी : जानेवारी २०२५.

मामा : पाण्यात सदतीस सेकंद अन् दिल्लीले पोचाले बावन्न वर्षं. बापानं मले विचारलं, सर, सही करू काय? तर मी हे दोन आकडे त्याच्यापुढं ठेवले पाहिजे की नाही?

मी : ठेवा. त्यासोबत तिसरा आकडा पण ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखीव आहेत, त्यातला एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. कांचनमालांच्या पाठीशी रिझर्व्ह बँकेची नोकरी होती, हे मी विसरत नाही. ट्रिशा झॉर्न या अमेरिकी जलतरणपटूला जन्मापासून अगदी थोडं दिसतं. १९८० ते २००४, सात पॅरालिम्पिक पोहली, चाळीसच्या वर पदकं जिंकली. ती आधी शाळेत शिकवायची, मग वकील झाली. पोहण्यानं पोट भरतं, असं मी बापाला कधीच सांगणार नाही. मुलगी शिकेल, ब्रेल वाचेल, परीक्षा देईल. आणि पोहेल.

मामा : मग हे सगळं करून वरून शर्यत कशाले? मी फिरून तिथंच येतो बघ.

मी : कारण विहिरीत ती डब्याच्या आवाजाकडे येते, मामा. ती नेहमी कोणाकडे तरी येते. शर्यतीत तिला जायचं असतं. समोर कोणी बोलावत नाही, टाळी नाही, डबा नाही. भिंत पुढे कुठेतरी आहे आणि ती आल्यावर कोणीतरी सांगेल, एवढ्या विश्वासावर सगळ्या अंगाचा जोर लावून पुढे जायचं. अकरा वर्षांच्या आयुष्यात तिला कोणी जोरात पळू दिलेलं नाही. सगळे ‘सावकाश, सावकाश’ म्हणतात. मीसुद्धा म्हणते. पूर्ण जोर लावायची जागा तिला पाण्यातच आहे.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. मग त्यांनी अर्ज घडी करून उशाखाली ठेवला.

मामा : सही करू नको, असं मी बापाले म्हणणार नाही. पण कर, असंही आज म्हणत नाही. आधी डोळ्याचा दाखला काढ. गट कोणता ते कागदावर येऊ दे. मग या उन्हाळ्यात तिले घेऊन कुठल्यातरी तलावावर पंधरा दिवस राहाले लागीन. दोरीनं सरळ जाते काय, हात मोजता येतात काय, अन् काठी लागल्यावर घाबरते की वळते, ते पाहू. घाबरली तर शर्यत बंद, पोहणं चालू. वळली तर पुढच्या वर्षीचा अर्ज मीच भरीन.

मी : आणि पुढचं वर्ष गेलं तर? वय थांबत नाही.

मामा : कच्च्या तयारीचं लेकरू भिंतीवर आपटलं तर ते कधीच पाण्यात जाणार नाही. त्या भीतीपुढं एक वर्ष काहीच नाही.

यावर आमचं एकमत झालं नाही. मला आजही वाटतं की चाचणीला जाऊन हरणं हाही सरावच असतो. मामांना वाटतं, पहिला धक्का चुकीच्या जागी बसला की पोहणारा संपतो. त्यांनी शेकडो पोरं विहिरीत ढकलली आहेत आणि कोणती पोरं परत पाण्याकडे आली नाहीत, हे त्यांना ठाऊक आहे. मी वर्गात अशी मुलं पाहते, ज्यांची ‘पूर्ण तयारी’ होईपर्यंत वय निघून गेलं. दोघांचाही अनुभव खोटा नाही.

एका गोष्टीवर मात्र वाद उरला नाही. न दिसणाऱ्या जलतरणपटूची कारकीर्द किती लांब जाईल, हे केवळ तिच्या जिद्दीवर ठरत नाही. गट ठरवणारा डॉक्टरचा कागद, जवळचा तलाव, वेळेवर पोचलेला पैसा, पोटाला नोकरी आणि रोज काठी धरून उभं राहायला तयार असलेली दोन माणसं, यावर ती ठरते. तिच्या वाट्याचं ती करतेच आहे. उरलेलं तिच्या हातात नाही.

म्हणून वाचणाऱ्यांकडे एक मागणं. तुमच्या गावात किंवा शेजारच्या शहरात पोहण्याचा तलाव असेल, तर तिथे कोणी न दिसणारं मूल पोहतं का, हे एकदा विचारा. पोहत असेल तर त्याच्यासाठी टाळ्या राखून ठेवू नका, आठवड्यातली एक सकाळ राखून ठेवा. काठी नीट कधी टेकवायची, हे शिकता येतं. पन्नास मीटरच्या तलावात २०० मीटर मिडले पोहताना भिंत चार वेळा येते, दोन वेळा या टोकाला आणि दोन वेळा त्या टोकाला. चारही वेळा तिथे कोणीतरी उभं असावं लागतं.